मागून येणारी पावले

४ सप्टेंबर

परदेशचा प्रवास विनाविघ्न झाला. विमानतळावर साडू न्यायला आले होते. त्यांनी मला पाहताच मिठी मारली आणि ती अपेक्षेपेक्षा बराच वेळ सोडली नाही. अशा प्रसंगी आपले हात कोठे ठेवावेत, हे मला आजवर उमगलेले नाही. मी ते सामानाच्या ढकलगाडीवरच राहू दिले.

मेहुणी घरी थांबली होती. दार उघडून ती "या भाऊजी" म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहू लागली. मागे साडू धापा टाकत बॅग चढवीत होते.

"काय बघतेस? एवढंच सामान आहे," ते म्हणाले.

"काही नाही," असे म्हणून ती स्वयंपाकघरात गेली, ती चहा होईपर्यंत बाहेर आली नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे येथे आलो होतो, तेव्हाचीच खोली मला दिली आहे. लाकडी जिना, तिरपे छत, खिडकीतून दिसणारे तळे आणि तळ्यापलीकडचा तो डोंगर. दोन पलंगांपैकी एकावर माझे अंथरूण घातले आहे. दुसऱ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचे ढीग आहेत. मेहुणीचा स्वभाव टापटिपीचा. पाहुण्याच्या खोलीत कपडे रचण्यामागे तिचा काय हेतू असावा, हे ध्यानात आले नाही.

जेवताना तिने विचारले, "शेवटी शेवटी ताई काय म्हणत होती हो?" त्या वेळी तिला रजा आणि तिकीट यांचा मेळ घालता आला नव्हता; ती पोहोचली तेव्हा सर्व उरकले होते. मी तिला रक्तदाब, औषधे, डॉक्टरांचे मत असे सर्व क्रमवार सांगितले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आणखी वाढू थोडं?"

माझ्या पत्नीचा उल्लेख या दैनंदिनीत मी नेहमी 'ही' असाच केला आहे. जी समोर नाही तिला 'ती' म्हणावे, हे मला कळते. तरीही तूर्त 'ही'च राहू द्यावे.

६ सप्टेंबर

कालचा दिवस झोपेत गेला. आज सायंकाळी आम्ही तिघे तळ्याकाठी फिरावयास गेलो. पाणी इतके निश्चल होते की डोंगर दोन दिसत होते, आणि त्यांतला खरा कोणता, हे ठरविण्याची निकड कोणालाच नव्हती. पहिल्या बाकापाशी साडू बसले. "तुम्ही या जाऊन. मी इथे बसून तुमच्या वाटचा थकतो," असे त्यांनी जाहीर केले.

पुढची वाट अरुंद आहे आणि तीवर बारीक खडी पसरलेली आहे. मी पुढे झालो, मेहुणी मागे. ती तिच्या कामाबद्दल बोलत होती. ती कृत्रिम दात तयार करणाऱ्या कार्यशाळेत आहे. एका गृहस्थांनी स्वतःच्या तारुण्यातला फोटो आणून 'अस्से दात हवेत' म्हणून हट्ट धरल्याची हकिगत ती सांगत होती. मध्येच तिला धाप लागली व ती बोलावयाची थांबली.

आणि मागून ही चालत आली.

हे वाक्य मी पुन्हा वाचून पाहिले. ते खोडीत नाही.

पावलांच्या आवाजाबाबत माझी फसगत होत नाही. नभोवाणीच्या नाट्यविभागात माझी उभी हयात गेली. श्रुतिकांतील पावले आम्ही खडीने भरलेल्या लाकडी खोक्यात, जागच्या जागी चालून काढीत असू. राजे, चोर, पोस्टमन, नवी नवरी अशा सर्वांच्या पावलांनी मी चाललो आहे. हिचे उजवे पाऊल पूर्ण टेकत असे. डावे टाचेवर किंचित रेंगाळे, जणू काही सांगावयाचे राहून गेले आहे. लग्नानंतर कोठेही गेलो तरी मी पुढे आणि ही मागे, असाच आमचा क्रम होता. ती चाल मी आयुष्यभर पाठीने ऐकली.

मी जागीच थांबलो.

"काय झालं भाऊजी?"

"काही नाही," मी म्हणालो. "चल."

८ सप्टेंबर

काल आणि आज पुन्हा तळ्याकाठी गेलो. काल मेहुणी दातांबद्दल बोलू लागताच, "थोडा वेळ न बोलता चालू या का? पक्ष्यांचे आवाज ऐकावेसे वाटतात," असे मी सुचविले. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि "बरं" म्हणाली. तेव्हापासून ती चालताना अवाक्षर काढीत नाही. मला थोडे अवघडल्यासारखे झाले आहे. आपल्या स्वराला धार होती की काय, कोण जाणे.

साडूंना याचे फार नवल वाटते. "अहो, ही बया घरात कुकरशीसुद्धा बोलते. तुमच्या मागे तिची दातखीळ कशी बसते?"

"पक्षी ऐकते," मेहुणी म्हणाली.

"सप्टेंबरात? पक्षी कधीच रजेवर गेलेत!"

सकाळी साडूंच्या दुकानात बसलो. ते चष्मेवाले आहेत. माझ्या चष्म्याची दांडी त्यांनी गरम वाळूत धरून, हलकेच वाकवून कानामागे बसविली. "आमच्या घरात एक जण डोळे विकतो, एक जण दात विकते. कानाचा विभाग रिकामा होता, तो तुम्ही आलात," ते म्हणाले. मग आरशाकडे पाहत, माझ्याकडे न पाहता, म्हणाले, "ती रडली नाही हो अजून. मी वाट बघतोय. छत्री घेऊन उभं राहावं आणि पाऊसच येऊ नये, तसं झालंय." मी म्हणालो की, प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. ते "हो, तेही खरंच" म्हणाले आणि काचा पुसू लागले.

९ सप्टेंबर

आज चाल तंतोतंत जुळली.

पहिल्या दिवशी त्या चालीत काहीतरी उणे होते. दोघी बहिणी असल्या तरी जिचे पाऊल तिचेच. आज मात्र काहीही उणे राहिले नाही. डाव्या टाचेचे ते रेंगाळणे, खडीवरचा तो जाड, थोडा ओलसर आवाज, सर्व तसेच. तळ्यावर धुके उतरले होते. पलीकडचा काठ नाहीसा झाला होता आणि वाट पाण्यातून चालल्यासारखी दिसत होती. मला वाटले, आपण असेच चालत राहिलो तर दोघे कोठे पोहोचू हे सांगता येणार नाही, आणि ते सांगण्याची आवश्यकताही नाही.

परत आल्यावर साडू दारातच म्हणाले, "हे जुनेपाने बूट कुठून उकरून काढलेस? तुझे नवे आहेत ना?"

"नवे चावतात," ती म्हणाली आणि बूट जिन्याखालच्या अंधारात सरकवून आत गेली.

आता मनातले स्पष्ट लिहितो. डोंगरावरील खिंडीपर्यंत जाणारी एक लांब पायवाट आहे. सकाळी निघून, खिंडीला हात लावून, त्याच वाटेने उतरेपर्यंत दिवस जातो. मागील खेपेस हिला तेथे जावयाचे होते. पावसाने जाऊ दिले नाही. मेहुणीने आज विचारले, "जायचं का परवा?" मी तत्काळ होकार दिला. मला डोंगर पाहावयाचा नाही. मला एक संपूर्ण दिवस हवा आहे, ज्यात मी पुढे असेन आणि ही मागे असेल. एवढे मिळाले तर मी मुकाट्याने घरी परतेन आणि पुढील जे असेल ते निमूटपणे करीन.

परंतु यात मेहुणीची फसवणूक आहे. एका सुशील स्त्रीची पावले तिच्या नकळत वापरणे उचित नव्हे. तिला सांगावे काय? सांगितले तर ती पाऊल मोकळेपणी टाकणार नाही. न सांगितले तर मी चोर. बराच विचार केला. सांगणार नाही.

१० सप्टेंबर

पाऊस. दिवसभर खिडकीपाशी बसलो. डोंगर दिसत नाही. साडू म्हणतात, "उद्या उघडेल, माझा गुडघा सांगतो." इतकी आशा मी कोणाच्या गुडघ्यावर पूर्वी ठेवली नव्हती.

११ सप्टेंबर

सर्व सुखरूप घरी आलो. अधिक लिहवत नाही.

१२ सप्टेंबर

कालचा वृत्तान्त क्रमाने लिहितो.

साडूंच्या गुडघ्याने सांगितल्याप्रमाणे उघडले होते. बसने वरच्या वस्तीपर्यंत गेलो. तेथून वाट उंच सूचिपर्णी झाडांत शिरते. खाली वाळल्या सुयांचा जाड थर असल्याने पावले जवळजवळ ऐकूच येत नव्हती. मी थोडा बेचैन होतो. झाडे संपली तेथे एक उपाहारगृह आहे. साडूंनी बाहेरच्या खुर्चीला दोन्ही हातांनी स्पर्श करून पाहिला.

"माझा डोंगर इथे संपला," ते म्हणाले. "तुम्ही खिंडीला माझा नमस्कार सांगा."

"घरी पण हेच करतात," मेहुणी म्हणाली. "अर्धं ताट झालं की म्हणे, बाकीचं तू संपव."

"संपवतेस ना पण!"

"चला भाऊजी. तुम्ही व्हा पुढे. मी आहे मागे."

त्यानंतर ती बोलली नाही.

पुढे गवताळ उतार लागला. मेंढ्या चरत होत्या. त्यांच्या गळ्यांतील घंटांचा आवाज कोठून येतो ते कळत नव्हते, तो उन्हासारखा सगळीकडून येत होता. वाट आता खडीची झाली आणि मागून पावले सुरू झाली. उजवे पूर्ण. डावे टाचेवर रेंगाळणारे. मी वेग थोडा कमी केला, तेही मंदावले. ओढ्यापाशी मी दगडावरून दगडावर पाय दिला. मागून त्याच दगडांवर तोच क्रम उमटला. मी मागे पाहिले नाही. पाहावयाचे नाही, असे मी स्वतःला बजावले नव्हते. गरजच वाटली नाही. मागे वळून पाहणे हे ज्याला शंका आहे त्याचे काम.

मी मनातल्या मनात हिला सर्व सांगत गेलो. पाण्याच्या टाकीचा गळका नळ बदलून घेतला. समोरच्या घरात नवे भाडेकरू आले, त्यांचा कुत्रा भित्रा आहे. तुझ्या कपाटाची किल्ली मी त्याच खिळ्यावर ठेवतो. हिने नेहमीप्रमाणे उत्तर दिले नाही. पावले येत राहिली, हेच उत्तर.

वर ढग उतरले. प्रथम खिंड गेली, मग समोरचा कडा, मग वाटेचे पुढील वळण. शेवटी माझ्या पायांपुरतीच वाट उरली. पांढऱ्या शुभ्र शांततेत मी चालत होतो. कोठेतरी मागून कोणी हाक मारल्यासारखे झाले: "भाऊजी." थोड्या वेळाने पुन्हा, दुरून: "भाऊजी, अहो थांबा!" माझ्या मनात असा विचार आला की, ही मला भाऊजी म्हणणार नाही, त्यामुळे ती हाक माझ्यासाठी नाही. असा विचार मी केला, हे येथे नमूद केलेच पाहिजे. हाक विरून गेली आणि पावले पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट झाली. इतकी जवळ की हिच्या श्वासाची ऊब मानेला जाणवावी.

खिंडीत दगडांची एक रास आहे. मी तेथे थांबलो. माझ्या मागे एका पावलाच्या अंतरावर पावलेही थांबली. वारा पडला. समोरचे ढग सावकाश, पडदा सरकावा तसे बाजूला झाले आणि पलीकडची दरी दिसली. तिच्या तळाशी ऊन होते आणि एक नदी होती, इतक्या खोल की ती वाहते आहे की नाही ते कळू नये.

"आलो बघ," मी मोठ्याने म्हणालो.

मी उत्तराची वाट पाहिली. अशा वेळी ही "दमलात का?" असे विचारी. मी बराच वेळ वाट पाहिली. मग वळलो.

मागे कोणीही नव्हते.

खडीची वाट धुक्यातून वर आली होती आणि तीवर एकटा मी उभा होतो. मेहुणी कधी मागे राहिली, हे मला सांगता येईना. ओढ्यापाशी ती होती काय? कड्याखाली होती काय? पावले तर मी खिंडीपर्यंत ऐकली होती. कोणाची? मग ती हाक आठवली आणि ती माझ्यासाठी होती, हे मला कळले. तेथे एका बाजूस खोल उतार आहे, पावसाने दगड ओले आहेत, आणि साडू खाली खुर्चीवर बसून आमची वाट पाहत आहेत.

मी धावलो. माझ्या वयाच्या माणसाने त्या वाटेवर धावू नये. "अगं ए!" अशा हाका मारल्या. धुक्यातून काही येईना. माझ्या धावण्याचा आवाज तेवढा येत होता; मागून काहीही येत नव्हते. प्रत्येक वळणावर मी कड्याखाली पाहत होतो आणि पाहावयास भीत होतो. हिच्यानंतर माझ्याजवळ भिण्यासारखे काही उरले नाही, अशी माझी समजूत होती.

मग माझ्या तोंडून जी हाक निघाली ती मी कधी मारलेली नव्हती. हिने आपल्या धाकट्या बहिणीला परकराच्या वयात दिलेले नाव आहे ते, आणि ते हिच्याखेरीज कोणी वापरीत नसे.

"चिमणे!" मी ओरडलो. "ए चिमणे!"

थोडा वेळ काही नाही. मग खालून, अगदी जवळून, हुंदका यावा तसा आवाज आला. "इथे आहे. इथे."

ती वाटेकडेच्या एका सपाट शिळेवर बसली होती. एक पाय लांब केलेला, घोटा सुजलेला, आणि हातात बुटाचा अखंड तळ. ती रडत होती. वाटेवर पडलेल्या माणसाचे हे रडणे नव्हते. फार दिवस दाबून धरलेले काहीतरी फुटले होते. मी शेजारी उभा राहिलो. मग बसलो. माझे हात या खेपेस तिच्या पाठीवर गेले; ते तेथे कसे गेले, हे सांगता येत नाही.

"ताईच मला तशी हाक मारायची," ती म्हणाली. "आता कोण मारणार, असं वाटायचं." नाक पुसून ती एकदम भडकली. "आणि मी किती हाका मारल्या! ऐकू नाही आल्या?"

"आल्या."

"मग?"

"मला वाटले, त्या माझ्यासाठी नाहीत."

"इथे डोंगरावर दुसरं कोण भाऊजी आहे? मेंढ्या?"

तिने तळ माझ्या मांडीवर ठेवला. "हे बघा. जीभ बाहेर काढावी तसा सुटला. मी पाय टाकला आणि खाली घसरले. किती वर्षं माळ्यावर पडून होते, डिंक वाळून गेला असणार. ताईचे आहेत ते."

मी तळाकडे पाहिले. डाव्या पायाचा होता. टाचेची बाहेरची कड झिजून तिरपी झाली होती.

"मला माहीत नव्हते," मी म्हणालो.

"कसं असणार? तुम्ही सदा पुढे. मागच्या वेळी जाताना ठेवून गेली, पुन्हा येऊ तेव्हा लागतील म्हणून." तिने सुजलेला घोटा हातांत धरला. "पहिल्या दिवशी तळ्याकाठी तुम्ही एकदम थांबलात ना, तेव्हाच मला कळलं. मग म्हटलं, द्यायचं तर पुरतं द्यावं. शिडी लावून माळ्यावर चढले."

"तू मला बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात? पक्षी म्हणे!" ती रडता रडता हसू लागली. "आणि सगळं तुमच्यासाठीच होतं असं नाही. तिच्या बुटांत पाय घातला की मलाही बरं वाटायचं. ती जिथून तुम्हाला बघायची, तिथून मी बघत होते."

"माझ्या पाठीत पाहण्यासारखे काय आहे?"

"अगंबाई! तुम्हाला माहीतच नाही?" तिने डोळे पुसले. "ताई तुमची नक्कल करायची. मागून. हात पाठीमागे बांधून, हनुवटी वर, प्रत्येक पाऊल असं, जशी कोनशिला बसवताय. आम्ही सगळे हसून हसून बेजार. बाबासुद्धा हसायचे. आणि तुम्ही चुकून वळलात की ती लगेच आभाळाकडे बघत उभी राहायची."

मी म्हणालो, "मला वाटे, हिला आकाश पाहण्याची आवड आहे."

यावर ती इतकी हसली की तिला घोट्याची कळ आली. मला हसू येत नव्हते. नंतर आले. आधी खांद्यांत आले आणि मग आवाजात. इतकी वर्षे माझ्या पाठीमागे एवढा आनंद चाललेला होता.

ढग निवळत होते. तळ बुटाला बांधण्यास दोरी नव्हती, म्हणून मी कमरेचा पट्टा काढून दिला. तो बुटाभोवती दोन वेढे घेऊन बसला. परिणामी उरलेला उतार मी एका हाताने विजार सावरीत आणि दुसऱ्या हाताने तिला सावरीत उतरलो. वाट दोघांपुरती रुंद नव्हती. आम्ही तिरपे होऊन चालत होतो. सुटलेला तळ प्रत्येक पावलाला फटक, फटक असा वाजत होता. ही चाल हिची नव्हती. आता तो बूट पुन्हा कोणालाही घालता येणार नाही, हे मला त्या आवाजात कळत होते, आणि मी त्या आवाजाला धरून उतरत होतो.

ओढ्यापाशी पाणी पिताना मी न विचारता सांगितले, "शेवटच्या दिवशी ही म्हणाली, 'दूध उतू जाईल बघा.' रुग्णालयात दूध कोठले? पण मी 'बंद केला गॅस' असे सांगितले. मग ही निवांत झाली."

मेहुणी पाण्यात हात तसाच धरून बसली. "बंद केला म्हणालात ना?"

"हो."

"बरं केलंत," ती म्हणाली. "तिला सारखी तीच काळजी."

उपाहारगृहापाशी साडू खुर्चीवरून उठून उभे होते. आम्हाला पाहून त्यांनी आधी तिचा घोटा पाहिला, मग तिचे सुजलेले डोळे पाहिले, मग माझी विजार पाहिली.

"काय हो हे? डोंगराने लुटलं की काय तुम्हाला?"

"पाऊस आला वाटेत," मेहुणी म्हणाली.

साडूंनी स्वच्छ आभाळाकडे पाहिले, पुन्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि या खेपेस त्यांना विनोद सुचला नाही. त्यांनी नुसता तिचा हात धरला.

१५ सप्टेंबर

हाड मोडलेले नाही. विश्रांती सांगितली आहे. दुपारभर स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून मटार सोलतो. ती विचारते आणि मी सांगतो. औषधांबद्दल ती काही विचारीत नाही. हिने शेजारणीशी अबोला का धरला होता, हे सांगताना मला बरेच काही प्रथमच समजले. साडू दुकानातून आले की म्हणतात, "माझ्या घरात नभोवाणी केंद्र निघालंय."

दुसऱ्या पलंगावरील कपडे आज मीच उचलून खाली नेऊन दिले. मेहुणीने विचारले, "रिकामा दिसेल पलंग. परत ठेवू का?" मी म्हणालो, "नको. पलंग पलंगासारखा दिसू दे."

१७ सप्टेंबर, विमानात

साडू आणि मेहुणी पोहोचवावयास आली होती. मेहुणी काठी घेऊन चालते. काठीची टकटक आणि बुटांचा नवा, कोरा आवाज, त्यात हिचे काहीही नव्हते. मला वाटले होते त्याहून हे सहज सोसवले.

विमानतळाचा तो लांबच लांब मार्ग उजेडाने भरलेला होता. जमीन इतकी गुळगुळीत की माणसे चालत नसून वाहत आहेत, असा भास व्हावा. साडू माझे सामान घेऊन पुढे चालले होते. त्यांची चाल पाहण्यासारखी आहे. पोट आधी निघते, मग ते स्वतः निघतात; आणि दर दोन पावलांनी मान उजवीकडे अशी वळते, जणू रस्त्याच्या त्या बाजूला कोणीतरी त्यांना ओळखणारे उभे आहे. मी आणि मेहुणी त्यांच्या मागून चालत होतो.

त्यानंतर मी जे केले ते एका सेवानिवृत्त अधिकाऱ्यास सार्वजनिक ठिकाणी शोभणारे नव्हते. ते येथे सविस्तर लिहीत नाही. एवढेच नमूद करतो की, मी पोट शक्य तितके पुढे काढले होते आणि माझी मान उजवीकडे वळत होती. मेहुणीला काठीचा आधार घेऊन थांबावे लागले. तिच्या हसण्याचा आवाज त्या मार्गावर दूरवर घुमत गेला.

साडूंनी वळून पाहिले. "काय झालं?"

मी छताकडे पाहू लागलो. त्या इमारतीचे छत खरोखरच सुंदर आहे.